कर्कचा शर्ट

'स्टार ट्रेक' या अंतराळयानाच्या जुन्या टीव्ही मालिकेतल्या कॅप्टन कर्कचा शर्ट पिवळा की हिरवा, यावरून परवाच्या रविवारी आमच्यात पुन्हा जुंपली. चांगलीच जुंपली, पोहे गार होईपर्यंत. चार माणसं, तिघांची पन्नाशी उलटलेली, माझी उंबरठ्यावर, एकाची बायपास झालेली, आणि विषय काय, तर 1966 साली अमेरिकेत शिवलेला एक शर्ट.

गिरगावातल्या चाळीतले आम्ही जुने चौघे वर्षभरापासून एक रविवार आड डोंबिवलीला जमतो आणि 'स्टार ट्रेक'चा एक भाग बघतो. बघायची ती मूळची मालिका, पुढे तिला फुटलेल्या फांद्या नकोत, हे पहिल्याच दिवशी ठरलं. एकूण भाग 79, म्हणजे तीन वर्षांची बेगमी झाली. आमच्या मुलांच्या मते हे सगळं दोन आठवड्यांत उरकेल. पण उरकायचंय कुणाला? भाग पन्नास मिनिटांचा आणि वाद दीड तासाचा, हे प्रमाण आम्ही काटेकोर पाळतो.

चाळीच्या गच्चीवर आम्ही एंटरप्राइझ यान चालवायचो, त्या खेळात ज्याला जे काम मिळालं ते त्याला अजून चिकटलेलं आहे. ज्याची बॅट, तो कर्क. ज्याच्या घरी टीव्ही, तो स्पॉक, यानावरचा परग्रहवासी अधिकारी. त्याला स्पॉकसारखी भुवई उडवता येत नव्हती, पण टीव्ही त्याचा म्हटल्यावर बोलणार कोण? चौघांत इंग्रजी माध्यमात जाणारी ती एकटीच, म्हणून ती उहुरा, यानाची संदेश अधिकारी. मी सगळ्यांत लहान, लिंबूटिंबू, म्हणून मला 'चौथा' केलं होतं. कर्क, स्पॉक आणि डॉक्टर मॅकॉय अनोळखी ग्रहावर उतरतात तेव्हा त्यांच्याबरोबर एक चौथा असतो. त्याचं नाव कुणी विचारत नाही आणि पहिल्या जाहिरातीच्या आत तो मरतो. माझ्या वाट्याला रोज हे मरण यायचं. मेल्यावर खेळ संपेपर्यंत पाण्याच्या टाकीशी पडून राहायचं, असा नियम होता.

ऐंशीच्या दशकात दूरदर्शन ही मालिका रविवारी सकाळी दाखवायचं. अमेरिकेत ती 1969 सालीच बंद पडली होती. आमच्याकडे पोचेपर्यंत तिचा स्पॉक तिकडे सिनेमात एकदा मरून जिवंतही व्हायला आला होता. त्याची आम्हाला गंधवार्ता नव्हती. आमच्या लेखी सगळं ताजं होतं. आमच्या स्पॉकच्या खोलीत, म्हणजे त्याच्या आईच्या, काकूंच्या, दाराबाहेर चपलांचा ढीग लागायचा. टीव्ही अर्थातच कृष्णधवल. काचेवर मात्र त्या काळी मिळणारा रंगीत प्लॅस्टिकचा कागद होता, वर निळा, मध्ये नारिंगी, खाली हिरवा. समुद्रकिनारा दाखवला तर त्याचा उपयोग. बाकी वेळी माणसांची कपाळं निळी आणि पाय हिरवे.

यातली गंमत आता कळते. अमेरिकेत ही मालिका दाखवणाऱ्या एनबीसी वाहिनीची मालक कंपनी आरसीए रंगीत टीव्ही बनवायची. लोकांनी रंगीत संच घ्यावेत, असा त्यांचा हिशेब. म्हणून यानातले गणवेश असे भडक, निळे, पिवळे, लाल. आणि आम्ही ते सगळं राखाडी रंगात पाहत होतो. स्पॉकचं रक्त हिरवं असतं हे ऐकून ठाऊक, पण आमच्या पडद्यावर खाली पडलेल्या कुणाचंही रक्त हिरवंच दिसायचं. मरणाऱ्या चौथ्याच्या अंगात बहुतेक वेळा लाल शर्ट असतो, हे जगभरच्या चाहत्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे, त्यावर विनोद करून करून ते थकलेत. मला ते कळलं गेल्या वर्षी, डोंबिवलीत, सोफ्यावर. "अरे, तुझा शर्ट लाल होता!" उहुरा ओरडली. चाळीस वर्षांनी आपल्या मरणाचं कारण असं कळलं की माणूस काय बोलणार?

दुसरा शोध जास्त गंभीर निघाला. आम्ही तिघे मराठी माध्यमाचे. पडद्यावरचं इंग्रजी आमच्या डोक्यावरून जायचं आणि उहुरा ते मराठीत सांगायची. तिच्या सांगण्यावर आम्ही अख्खी मालिका डोक्यात साठवली. आता खालच्या अक्षरांसकट बघताना लक्षात येतंय की आमच्या डोक्यातली मालिका वेगळीच आहे. कुणी कुणाचा भाऊ नाही, तो म्हातारा प्राध्यापक मुळात दरोडेखोर नाही, आणि ज्या भागात स्पॉकची आई त्याला शोधत येते, तो भागच कुठे नाही. त्याची आई येते, पण ती नवऱ्याबरोबर यानातून प्रवासाला निघालेली पाहुणी म्हणून. सातव्या-आठव्या रविवारी आम्ही उहुराला धारेवर धरलं.

"मला तरी कुठे कळत होतं?" ती शांतपणे म्हणाली. "किती भराभर बोलतात ते. पण तुम्ही तिघं तोंडाकडे बघत बसायचात. काहीतरी सांगायला नको का?"

तिच्या मदतीशिवाय आम्हाला समजलेलं एकच वाक्य या मालिकेत आहे. एका खाणीत खडकातून बोगदे पाडत फिरणारं एक जनावर कामगारांना मारतंय, तो भाग. जनावराचं नाव हॉर्टा. बघायला करपलेल्या थालीपिठासारखं, मधला भाग जरा फुगलेला. आत एक माणूस गुडघ्यांवर रांगतोय हे आज स्वच्छ दिसतं. स्पॉक त्या जनावराच्या मनाशी मन जोडतो आणि "पेन! पेन!" असं किंचाळतो, तेव्हा याचं पोट दुखायला लागलं, असं आम्हाला वाटलं होतं. पण मग ते जनावर आपल्या अंगातल्या आम्लाने दगडावर तीन शब्द कोरतं: नो किल आय.

चाळीत टाळ्या पडल्या होत्या. आमचं इंग्रजी तंतोतंत असंच होतं! परग्रहावरच्या दगडाला आमच्याइतकंच व्याकरण येतं, याचा केवढा धीर आला. परवा कळलं की त्या वाक्यावर कर्क आणि स्पॉकही अडखळतात. 'मला मारू नका' की 'मी मारणार नाही'? विनवणी की वचन? आम्ही त्यावर अर्धा तास घातला. आमचा स्पॉक म्हणतो विनवणी, कारण ते जखमी आहे. कर्क म्हणतो वचन, कारण ते जखमी असूनही मारत नाही. उहुराचं 1985 सालचं भाषांतर होतं, 'हा सोन्याचा राक्षस आहे.' हॉर्टा ही आई आहे आणि कामगार ज्यांना निरुपयोगी गोटे समजून फोडताहेत ती तिची अंडी आहेत, हे आम्हाला तेव्हा कळलंच नव्हतं. मॅकॉय तिची जखम सिमेंटसारख्या लगद्याने लिंपतो आणि त्याआधी कुरकुरतो की मी डॉक्टर आहे, गवंडी नाही. कर्क त्याला हाक मारतो 'बोन्स'. आमच्या भाषेत हाडवैद्यच तो.

खानच्या भागाचं मात्र वेगळं झालं. दोनशे वर्षं गोठवून ठेवलेला हा हुकूमशहा, नाव खान नूनियन सिंग. तो बहुधा उत्तर भारतातला शीख असावा, असा अंदाज यानातली इतिहासकार बाई करते. काम केलंय मेक्सिकोत जन्मलेल्या रिकार्डो मोंतालबान यांनी, दाढी नाही, केस मोकळे. काकू तेव्हाही म्हणाल्या होत्या आणि आताही म्हणाल्या, "खान की सिंग, एक काहीतरी ठरव म्हणावं." गोष्टीत हा माणूस 1992 ते 1996 पाव जगावर राज्य करतो. गच्चीवर आम्ही हिशेब केला होता की तोवर कर्क कॉलेजात असेल आणि लढायला जाईल. या वेळी पडद्यावर 1992 हा आकडा आला आणि थोडा वेळ कुणी बोललं नाही. त्या डिसेंबरात मी बारावीला होतो आणि संचारबंदीत त्याच गच्चीवरून दूरवरचा धूर पाहिला होता. स्पॉकने भाग पुढे चालू केला.

आमचा कर्क कारखान्यात जन्म घालवलेला माणूस. तो गोष्टीपेक्षा कारागिरीवर खूश. यान दर आठवड्याला ग्रहावर उतरवायचं तर चित्रीकरणाचा खर्च झेपेना, म्हणून माणसांनी चमचमत विरघळून खाली उमटायची युक्ती निघाली. आपोआप सरकणारी दारं मागून माणसं ओढायची, आवाज नंतर भरलेला. मॅकॉयची शस्त्रक्रियेची हत्यारं म्हणजे आधी एका भागासाठी आणलेल्या मिठाच्या कुप्या. मीठ खाणाऱ्या प्राण्याच्या भागात त्या फारच अनोळखी दिसायला लागल्या, म्हणून दवाखान्यात लागल्या. "याला म्हणतात स्टोअर्स सांभाळणं," कर्क म्हणतो.

तर शर्ट. मला आणि उहुराला तो पिवळा दिसतो, सोनेरी म्हणा. कर्क म्हणतो हिरवा. अधूनमधून कॅप्टन कमरेशी गुंडाळलेला वेगळा अंगरखा घालतो तो बघा, तो स्वच्छ हिरवा आहे. एकाच कॅप्टनचे दोन रंग कसे? स्पॉकने टीव्हीचे रंग कमीजास्त करून पाहिले. शेवटी उहुराने मोबाइलवर शोधून वाचून दाखवलं. वेशभूषाकार विल्यम वेअर थाइस यांनी निवडलेलं कापड खरंच हिरवट होतं, एक प्रकारचं मखमली. स्टुडिओच्या झगझगीत दिव्यांखाली फिल्मवर ते सोनेरी उमटायचं. अंगरख्याचं कापड निराळं, त्याने रंग बदलला नाही. म्हणजे सेटवर हिरवा, जगभरच्या टीव्हींवर पिवळा, आणि पुढे सगळ्यांनी पिवळाच खरा धरला.

"म्हणजे मी जिंकलो," कर्क म्हणाला.

"पडद्यावर पिवळा आहे, जिंकतोस कुठला?" उहुरा.

काकू कोपऱ्यात मटार सोलत होत्या. ब्याऐंशी वर्षांच्या आहेत, टीव्हीकडे पाठ होती.

"कॅप्टन ना? तो खुर्चीत बसलेला असायचा, खाली," त्या म्हणाल्या. "हिरवाच होता. आपल्या टीव्हीवर दिसायचा की."