वाऱ्याचा कोन धरून सुकाणू: वाघूर धरणावरची नोंद

मंडळी, आपली एक मीटरची, रिमोटवरची शिडाची बोट आता वाऱ्याचा कोन (वारा आणि बोटीचं नाक यांमधला) धरून स्वतः चालते. मागच्या नोंदीपर्यंत ऑटोपायलट फक्त होकायंत्राची दिशा धरायचा. वारा जरा फिरला की शीड फडफडायचं आणि रिमोट हातात घ्यावा लागायचा.

डोलकाठीच्या टोकावर विंडव्हेन, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारं फिरतं पातं, बसवलाय. त्याच्या आसाला चुंबक आणि समोर चुंबक किती फिरला ते मोजणारी एएस-५६०० चिप. ही चिप एका फेऱ्याचे ४०९६ भाग करते, शिवाय घासणारं काहीच नसल्याने झीज नाही. पात्याच्या विरुद्ध टोकाला शिसं लावून तोल साधणं फार महत्त्वाचं, नाहीतर बोट कलली की पातं वाऱ्याने नाही, वजनाने फिरतं. तारा खाली आणायला ठिबकची मायक्रोट्यूब वापरली. जळगावात ती कुठेही मिळते आणि उन्हात राहायलाच बनवलेली असते.

साक्रीजवळ ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्याही विंडव्हेन बघूनच तोंड फिरवतात. पण पवनचक्की जागची हलत नाही. बोट चालते, त्यामुळे तिला खरा वारा कळत नाही. स्वतःच्या वेगाने वाकलेला, म्हणजे भासमान वारा तेवढा कळतो.

मे-जूनमध्ये दुपारनंतर पश्चिमेचा वारा उठतो, तेव्हा वाघूरच्या पाण्यावर हा फरक नजरेला दिसतो. वाऱ्याकडे चढताना भासमान वारा धरणं उत्तमच. खरा वारा सेकंदाला ४ मीटर, बोट १ मीटर, खरा कोन ४५ अंश धरा. भासमान कोन येतो साधारण ३६. झोत आला की हा कोन उघडतो आणि ऑटोपायलट नाक वाऱ्याकडे नेतो. वारा पडला की नाक खाली, म्हणजे वाऱ्यापासून दूर, उतरवून वेग राखतो. कसलेला नावाडी हेच करेल. बघताना मन भरून येतं.

वारा मागून घेतला की तोच गुण उलटतो. खरा कोन १५० असताना भासमान कोन १४१ असतो. वारा ४ वरून अडीचवर आला आणि बोट गतीतच राहिली, तर खऱ्या वाऱ्याची दिशा न बदलताही भासमान कोन १३३ होतो. मग १४१ परत मिळवायला ऑटोपायलट बोट आणखी खाली, वारा थेट मागे येईल अशी वळवतो. त्यात एक लाट आली की शीड धाडकन दुसऱ्या बाजूला जातं. २०२३ मध्ये आपले दर्यावर्दी अभिलाष टॉमी एकट्याने जगप्रदक्षिणेच्या ज्या गोल्डन ग्लोब शर्यतीत दुसरे आले, तिथे इलेक्ट्रॉनिक ऑटोपायलटला बंदी असते, यांत्रिक विंडव्हेनच चालतो. तोही भासमान वाराच पाहतो. महासागरात महिनोन्‌महिने त्यावर निभावणं केवढं मोठं, हे आता नीट उमगतंय.

आर्डुपायलट या ऑटोपायलटच्या सॉफ्टवेअरमध्ये खऱ्या वाऱ्याचं गणित आहे, पण वाऱ्याचा वेग मोजणारा सेन्सर नसेल तर तो भासमान दिशाच खरी धरतो. म्हणून आता कप ॲनिमोमीटर जोडतोय. बोटीचा वेग जीपीएसवरूनच घेणार. धरणात भरती-ओहोटी नाही, प्रवाह नगण्य, त्यामुळे तो आकडा पाण्यातल्या वेगाइतकाच भरवशाचा. तोवर वारा मागून असताना होकायंत्र आणि चढताना विंडव्हेन, अशी अदलाबदल स्विचवर ठेवली आहे.

विंडव्हेनच्या आकड्यांतले धक्के गुळगुळीत करणाऱ्या फिल्टरवर अजून काम बाकी आहे. जास्त ठेवला की सुकाणू सुस्तावतं, कमी ठेवला की डोलकाठीच्या प्रत्येक झोक्याला सर्व्हो (सुकाणू फिरवणारी मोटर) तडफडतो.

टोकावर वीस ग्रॅमच्या आत बसेल असा कप ॲनिमोमीटर कोणी बनवला असेल, तर बेअरिंग कोणतं वापरलं ते नक्की कळवा.