जुनं बनियन, दोन बादल्या आणि बाबांची निळी गाडी

डोळ्यांच्या ऑपरेशननंतर बाबांनी गाडी चालवणं सोडलं आणि किल्ली माझ्याकडे आली. किल्लीसोबत डिकीतलं पिवळं फडकं आणि एक जुनं बनियनही आलं. फडकं रोजचं, बनियन सणावाराचं. गाडी २०१४ सालची, गडद निळी, एकही मोठा पोचा नसलेली. बाबांचा तिच्यावर जीव आहे आणि आमच्या सोसायटीत गाड्या पुसणारे काका गेली नऊ-दहा वर्षं रोज सकाळी ती पुसतात. त्यामुळे गाडी उत्तम स्थितीत आहे, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो.

एका रात्री पार्किंगमध्ये माझं कानातलं पडलं. मोबाईलचा टॉर्च लावून शोधताना उजेड बॉनेटवर पडला आणि त्या उजेडाभोवती मला चक्क कोळ्याचं जाळं दिसलं. टॉर्च हलवला तसं जाळंही हललं. गोल गोल, केसासारख्या बारीक रेषा. आधी वाटलं, कुणीतरी गोलाकार घासलंय. नंतर कळलं की रेषा सगळ्या दिशांनी असतात, पण उजेडाला आडव्या असतील तेवढ्याच चमकतात, म्हणून डोळ्याला वर्तुळ दिसतं. आणि त्या पडतात कशाने, तर पुसण्याने. धूळ म्हणजे शेवटी बारीक वाळू आणि आम्ही ती रोज कोरड्या फडक्याने, श्रद्धेने, रंगावर फिरवत होतो.

एका दुकानात चौकशी केली. पॉलिश आणि वर कसलंसं कोटिंग मिळून जो आकडा सांगितला, त्यात घरातला जुना फ्रिज बदलून झाला असता. दसरा तीन आठवड्यांवर होता. म्हटलं, आपणच करू.

पहिला प्रयत्न साफ फसला. रविवारी सकाळी अकरा वाजता गाडी उन्हात काढली. भांडी घासायचं लिक्विड बादलीत घातलं. पाणी वाया जाऊ नये म्हणून आरओ फिल्टरच्या नळीतून बाहेर पडणारं पाणी दोन दिवस साठवलं होतं, ते वापरलं. स्वतःवर खूशही होते. दाराला साबण लावेपर्यंत बॉनेटवरचा फेस वाळून चिकटला आणि धुऊन झाल्यावर सगळ्या गाडीवर पांढरे ठिपके उमटले, जणू कुणी चुन्याची निवळी शिंपडली.

चुनाच होता तो, जवळजवळ. आरओ काय करतो? चांगलं पाणी पिण्यासाठी बाजूला काढतो आणि त्यातले क्षार उरलेल्या पाण्यात ढकलून बाहेर सोडतो. आमच्या इमारतीला बोअरचं पाणी, ते आधीच जड. मी त्याचाही अर्क काढून गाडीला लावला होता. शेजाऱ्यांकडून क्षार मोजायचं पेनाएवढं मीटर मागून आणलं. बोअरचं पाणी ६४०, आरओच्या नळीतलं हजाराच्या वर. उत्सुकता म्हणून बेडरूमच्या एसीच्या नळीखाली ठेवलेल्या बादलीत बुडवलं, तर १८. अर्थात! हवेतली वाफ थंड होऊन पडलेलं पाणी ते, त्यात क्षार येणार कुठून? त्या दिवसापासून घरात एसीचं पाणी कुणी झाडांना घालायचं नाही, असा हुकूम निघाला. आईने तुळशीपुरता तो मोडला.

ठिपके पांढऱ्या व्हिनेगरने गेले. निम्मं व्हिनेगर, निम्मं पाणी, ओल्या कापडाने मिनिटभर धरायचं आणि लगेच भरपूर पाण्याने धुऊन टाकायचं. काही ठिपके मात्र रंगात रुतले होते, त्यांचा निकाल पॉलिशच्या वेळी लागला.

दसऱ्याच्या आधीच्या शनिवारी दुसऱ्यांदा मांडामांड केली. या वेळी सकाळी साडेसहाला, पार्किंगच्या सावलीत. बॉनेटला हात लावून पाहिला, गार होतं. दोन बादल्या घेतल्या, एकीत गाडीचा शाम्पू, दुसरीत नुसतं पाणी. आधी चाकं उरकली आणि त्यांचं फडकं लगेच लांब भिरकावलं, कारण ब्रेकमधून झडलेली लोखंडाची भुकटी त्यालाच लागलेली असते. मग टपापासून खाली नुसतं पाणी सोडलं. माझ्या मते हा सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात कंटाळवाणा भाग. हात न लावता जेवढी माती जाईल तेवढी जाऊ द्यायची. मग लोकरीसारखा मऊ हातमोजा शाम्पूत बुडवून वरून खाली, सरळ रेषेत. प्रत्येक भागानंतर मोजा साध्या पाण्याच्या बादलीत पिळायचा आणि मगच पुन्हा शाम्पूत. टप, काचा, बॉनेट, दारांचा वरचा अर्धा भाग, सर्वात शेवटी खालचा. रस्त्यावरचा चिखल सगळा खालीच असतो.

बाबा खुर्ची टाकून शेजारी बसले होते.

"अगं, गाडी आहे की नवरी? एका बादलीत होतं हे सगळं."

मी काही बोलले नाही. टप आणि बॉनेट झाल्यावर साध्या पाण्याची बादली त्यांच्या पुढ्यात ठेवली. तळाशी बोटभर जाडीचा काळा गाळ बसला होता. एकच बादली असती तर तो पुन्हा मोज्यावर चढून रंगावर गेला असता. बाबांनी बादली थोडी कलती करून पाहिली, चष्मा नीट केला आणि म्हणाले, "आता दुसरं पाणी घे."

शेवटचं पाणी एसीचं. साठवलेल्या दोन बादल्या तांब्याने ओतल्या. मग मोठा मायक्रोफायबरचा टॉवेल पसरायचा, वरून थोपटायचा आणि उचलायचा. घासायचं नाही. बनियन बाबांनी हळूच आणून ठेवलं होतं. त्याच्या शिवणीवर नख फिरवून मी त्यांना दाखवलं की टोचतंय. ते पटलं नाही, पण घडी करून परत घेऊन गेले.

गाडी स्वच्छ झाली, म्हणजे डोळ्यांना. हात पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बॉनेटवरून अलगद फिरवला तर सँडपेपर. पिशवीमुळे बोटांना खरखर जास्त कळते, का ते ठाऊक नाही पण कळते. झाडाचा चीक, ब्रेकची भुकटी, शेजारच्या इमारतीच्या रंगकामाचे तुषार, असं काय काय रंगाला धरून बसलेलं असतं आणि ते धुऊन जात नाही. त्यासाठी क्ले मिळते, मुलांच्या खेळण्यातल्या मातीसारखी. शाम्पूचं पाणी शिंपडून तिची चपटी वडी हलक्या हाताने फिरवायची. सुरुवातीला अडकत अडकत जाते, मग अचानक सरसर सरकते. वडी सारखी घडी घालून नवी बाजू काढायची आणि जमिनीवर पडली तर सरळ फेकून द्यायची. माझी दोनदा पडली. पहिल्यांदा मी ती झटकून पुन्हा वापरायच्या बेतात होते, तेवढ्यात तिला चिकटलेले खडे दिसले. दुपारपर्यंत एवढंच झालं.

रविवारी पॉलिश. रात्रभर मला झोप लागली नव्हती, कारण हे काम उलट फिरवता येत नाही. कारखान्यातल्या रंगाची सगळी जाडी साधारण १०० ते १२० मायक्रॉन असते आणि त्यातला सगळ्यात वरचा पारदर्शक थर, क्लिअर कोट, जेमतेम ४० च्या आसपास. डोक्याचा केस याहून जाड. चरे जातात म्हणजे कुणी ते भरून काढत नाही. चऱ्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा थर घासून खाली आणला की चरा उरत नाही, इतकंच. म्हणजे प्रत्येक पॉलिश ही गाडीच्या रंगातून केलेली उचल आहे, परत भरता न येणारी. नखाला अडकणारे चरे यात जात नाहीत आणि त्यांच्या मागे लागूही नये.

ऑफिसातल्या एका मित्राने मशीन दिलं होतं. मशीन दोन जातींचं येतं. एक नुसतं गरगर फिरतं, ते एका जागी थांबलं तर रंग तापून जळतो. दुसरं फिरता फिरता डुलतंही, ते नवशिक्याला बरं. माझ्याकडे डुलणारं होतं. आधी रबरी पट्ट्या, दिव्यांच्या कडा, काळं प्लॅस्टिक आणि बॉनेटच्या धारेवर कागदी टेप लावला. धारेवर रंग मुळातच पातळ असतो, तिथे हौस नको.

मग बॉनेटच्या एका कोपऱ्यात टेपने दोन फुटांचा चौकोन आखला. यातच काय ते ठरवायचं. पहिल्यांदा मऊ फोम आणि बारीक पॉलिश, वाटाण्याएवढे चार थेंब. मशीन बंद ठेवूनच आधी पसरवून घेतलं, नाहीतर थेंब भिंतीवर उडतात. मग हळू, सेकंदाला इंचभर, उभं आणि मग आडवं, मागचा पट्टा निम्मा झाकत. पुसून टॉर्च मारला. जाळं विरळ झालं होतं, गेलं नव्हतं. तोच फोम, तेच पॉलिश, मशीनचा वेग थोडा वाढवून आणि हात आणखी सावकाश करून पुन्हा. मग जमलं. सगळ्यात सौम्य उपायाने सुरुवात करायची आणि नाही भागलं तरच चढत जायचं, हे मला आजीच्या बटव्यातूनच माहीत होतं.

इथे एक गोम आहे. पॉलिशमध्ये तेलं असतात, ती चऱ्यात भरून बसतात आणि चरे गेल्याचा भास होतो. दोन वेळा धुतलं की जाळं परत हजर. म्हणून अल्कोहोल आणि पाण्याचं मिश्रण फवारून पुसायचं आणि मगच टॉर्च मारायचा. मला वाटतं, पॉलिश करून दोन महिन्यांत गाडी पूर्वीसारखी दिसते अशी जी तक्रार लोक करतात, ती बऱ्याचदा इथली असते.

तो चौकोन आणि बाजूचं बॉनेट, यांच्यामधला टेप काढला तेव्हा मी बाबांना खाली बोलावलं. एका बाजूला धुरकट निळा, दुसऱ्या बाजूला विहिरीच्या पाण्यासारखा खोल. ते बराच वेळ वाकून पाहत राहिले. "शोरूममधून काढली तेव्हा अशी होती," एवढंच म्हणाले.

बाकीच्या गाडीला नऊ तास लागले. हाताला मुंग्या, कमरेची वाट. मध्ये हस्ताची एक जोरदार सर आली आणि पार्किंगच्या कडेने पाणी उडून अर्धं दार पुन्हा धुवावं लागलं. पुढच्या बंपरला मी हात लावला नाही. तो प्लॅस्टिकचा, पत्र्यासारखी उष्णता पसरू देत नाही, पटकन तापतो, आणि त्या वेळेपर्यंत माझं लक्ष थाऱ्यावर नव्हतं. तसाच आहे अजून.

मेण त्या मानाने पोरखेळ. कार्नोबा मेण, ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून खरवडून काढतात. गोळ्या-चॉकलेटांवरची चकाकी बऱ्याचदा याचीच. नैसर्गिक मेणांत ते सर्वात कडक, ८० अंशांच्या पुढे वितळतं. फोमने इतकं पातळ लावायचं की लावलंय की नाही अशी शंका यावी. बोट फिरवून पाहायचं, बोटाच्या खुणेची रेघ स्वच्छ निघाली की पुसून घ्यायचं. मी सुरुवातीला लोण्यासारखं थापलं आणि ते पुसता पुसता जीव गेला. शिवाय आरशाखालच्या काळ्या प्लॅस्टिकवर थोडं लागलं, तिथे पांढरे डाग वाळले. जुना टूथब्रश आणि शाम्पूचं पाणी घेऊन अर्धा तास त्यातच गेला. आपल्याकडच्या उन्हापावसात हे मेण दीड-दोन महिने टिकतं म्हणतात. पाणी टाकलं की थेंब गोल होऊन पळतात तोवर समजायचं की आहे.

आता राहिला खरा प्रश्न. काका. बावीस गाड्या, दोन तास, एक बादली. त्यात ते तरी वेगळं काय करणार? सोमवारी सकाळी लवकर खाली जाऊन मी त्यांना गाठलं.

"काका, आमची गाडी उद्यापासून पुसू नका."

त्यांचा चेहरा पडला. "काय चुकलं का ताई?"

"नाही नाही. पैसे तेवढेच. फक्त काचा आणि आतलं पायपुसणं करा. रंगाला कापड लावू नका."

"मग धूळ?"

"राहू द्या. रविवारी मी धुते."

त्यांनी मान डोलावली. गाडी पुसू नका, पैसे घ्या, असं सांगणारं गिऱ्हाईक त्यांना बहुधा पहिल्यांदाच भेटलं असावं.

खंडेनवमीला सकाळी आई हळद-कुंकू, झेंडूचा हार आणि लिंबं घेऊन खाली आली. हाराला आत तार असते, ती बॉनेटवर घासते, म्हणून मी फुलवाल्याकडून मुद्दाम दोऱ्यात ओवलेला आणला होता. ओलं कुंकू रंगाला धरतं, तेव्हा स्वस्तिक काचेवर काढू, असं मी आईला आदल्या रात्रीच पटवलं होतं. सगळी तयारी झाली होती. आम्ही लिफ्टमधून बाहेर आलो तर काका गाडीपाशी उभे. खांद्यावर पिवळं फडकं, गाडी टपापासून चाकापर्यंत कोरडी ठणठणीत पुसलेली.

"सण आहे ना ताई," ते म्हणाले. "पूजेला गाडी धुळीची कशी ठेवायची?"

आईने त्यांच्या हातावर पेढा ठेवला. आणि बोलता बोलता कुंकवाचं बोट बॉनेटवर टेकवलं, बरोब्बर त्या दोन फुटांच्या चौकोनात.