रन-फ्लॅट की साधे? माझे ५८ किलोमीटर

गेल्या आठवड्यात गाडीजवळ वाकून टायर बघितले. नक्षीच्या खाचांमध्ये रबराचे छोटे उंचवटे असतात, ते वरच्या रबराच्या जवळजवळ पातळीला आले होते. ती १.६ मिलिमीटरची खूण. नक्षी तिथपर्यंत झिजली की टायर काढायचा. म्हणजे आता चार टायर एकदम, आणि परत तोच प्रश्न: रन-फ्लॅट, म्हणजे हवा गेली तरी काही अंतर चालणारे, घ्यायचे की साधे ट्यूबलेस?

मी भूलतज्ज्ञ आहे. दिवसा सोलापुरातल्या हॉस्पिटलांमध्ये ठरलेली ऑपरेशनं असतात, आणि अक्कलकोट, मोहोळ, तुळजापूर या बाजूंनी रात्री-अपरात्री सिझरसाठी फोन येतात. गाडी मीच चालवते. रात्री दोन वाजता ड्रायव्हर शोधत बसायला वेळ नसतो. गाडी २०२१ची जर्मन सेडान, सेकंड हँड घेतलेली. कंपनीनेच रन-फ्लॅट बसवलेले, त्यामुळे डिकीत स्टेपनी नाही, तिची जागासुद्धा नाही. घेताना मी एवढा विचार केलाच नव्हता. तो करायला लागला एका जानेवारीत.

सोलापुरात गड्ड्याची जत्रा चालू होती. रात्री दीडला अक्कलकोटहून सर्जनचा फोन आला, "मॅडम, बाळाचे ठोके कमी होतायत, पेशंट टेबलवर घेतोय." मी निघाले. कुंभारी गेलं, वळसंग गेलं. ऊस तोडणीचे दिवस, त्यामुळे रस्त्यावर उसाच्या डबल ट्रॉल्या, बऱ्याच जणींच्या मागे दिवा नाही की रिफ्लेक्टर नाही. एकीला ओलांडून पुढे आले आणि चाकाखाली काहीतरी खणकन वाजलं. दोन मिनिटांत डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला: मागच्या डाव्या टायरची हवा कमी. बघता बघता आकडा शून्याकडे गेला.

स्टिअरिंगमध्ये जवळजवळ काहीच जाणवत नव्हतं. दिवा नसता तर मला कळलंच नसतं, आणि म्हणूनच हवेचा दाब सांगणाऱ्या यंत्रणेशिवाय रन-फ्लॅट वापरू नयेत असं मी सगळ्यांना सांगते. साध्या टायरमध्ये गाडीचं वजन हवा पेलते. हवा गेली की बाजूची भिंत दुमडते आणि रिम तिला कापत जाते. रन-फ्लॅटच्या बाजूच्या भिंतीत जाड, कडक रबराचा थर असतो. हवा गेली तरी ती भिंत काही काळ वजन उचलून धरते. काही काळ म्हणजे ठरलेलाच: बहुतेक कंपन्या ताशी ८० किलोमीटरच्या आत, ८० किलोमीटर अंतरापर्यंत म्हणतात. गाडी भरलेली असेल किंवा उन्हाळा कडक असेल, तर त्याहून कमीच धरावं.

मी वेग ५० वर आणला आणि मनात हिशोब केला. अक्कलकोट अजून साधारण १८, परत सोलापूर ४०. एकूण ५८. जमतंय. थांबले नाही. सव्वादोनच्या सुमारास मी ऑपरेशन थिएटरमध्ये होते, आणि अडीचच्या आत बाळ रडलं. मुलगी होती. पहाटे त्याच टायरवर हळूहळू घरी आले. सासूबाई दारात उभ्याच होत्या.

साधा टायर असता तर मी वळसंगच्या पुढे अंधारात, उसाच्या कडेला, जॅक आणि पाना घेऊन बसले असते. मला चाक बदलता येतं, त्याची लाज किंवा भीती नाही. पण त्या पाऊण तासात तिकडे काय झालं असतं, हा विचार अजूनही मनातून जात नाही.

आता दुसरी बाजू. ती तितकीच खरी आहे.

सकाळी घराजवळच्या पंक्चरवाल्या चाचांकडे गेले. वीस वर्षांचा त्यांचा हात. त्यांनी टायर रिमवरून उतरवला. त्यालाही वेळ लागला, कारण ही भिंत इतकी ताठ असते की साध्या मशीनवर किंवा टॉमीने ओढाताण केली तर कडाच फाटते. बाहेरून टायर नवाकोरा दिसत होता. नक्षीत फक्त एक बोल्ट, बहुतेक ट्रॉलीच्या फाळक्याचा, अंगठ्याएवढा. चाचांनी टायर उभा धरून आत टॉर्च मारली. आत काळा भुगा साचला होता, कॉफीच्या पुडीसारखा बारीक. भिंतीच्या आतल्या बाजूला बोट फिरवलं तर ते काळं झालं, आणि एका ठिकाणी रबर खरखरीत, ओरखडलेलं लागलं.

"मॅडम, स्ट्रिप मारायला मला पाच मिनिटं लागत्यात. पण मारणार नाही. हे आतून गेलंय. उद्या तुम्ही शंभरनं जाताना फुटलं तर मी तुमच्या सासूबाईंना काय तोंड दाखवू?"

त्यांचं बरोबर होतं. हवा नसताना चाललेल्या रन-फ्लॅटचं आतलं नुकसान बाहेरून समजत नाही, म्हणून कंपन्याही बहुतेक वेळा तो बदलायलाच सांगतात. म्हणजे एका बोल्टपायी पूर्ण टायर गेला. त्या मापाचा, २२५/५० आर १७, रन-फ्लॅट सोलापुरात त्या दिवशी मला कुठे मिळाला नाही. पुण्याहून आला, तिसऱ्या दिवशी. मला सांगितलेला भाव साध्या टायरच्या जवळपास दीडपट होता.

आणि रोजचा त्रास वेगळाच. ताठ भिंत दबत नाही, म्हणून खड्ड्याचा सगळा हिसका रिमला, सस्पेन्शनला आणि माझ्या पाठीला. गेल्या पावसाळ्यात पाण्याखाली लपलेल्या एका खड्ड्याने पुढच्या टायरला फुगा आला. फुगा म्हणजे आतले धागे तुटलेले, तिथे दुरुस्ती नाहीच, कुठल्याही टायरला नाही.

माझे धाकटे दीर टॉवेलच्या धंद्यात आहेत. अक्कलकोट रोड एमआयडीसीत युनिट, आणि दर आठवड्याला पुणे. त्यांच्याही गाडीला रन-फ्लॅट होते. झिजल्यावर त्यांनी चारही काढून साधे घातले आणि डिकीत सँपलच्या गठ्ठ्यांशेजारी पट्ट्याने बांधून स्टेपनी ठेवली. मला म्हणाले, "वहिनी, भिगवणजवळ टायर गेला तर तुमच्या ८० किलोमीटरमध्ये मला ना पुणं गाठता येतं, ना सोलापूर. साधा असला तर स्टेपनी लावायची, वाटेत कुठेही दहा मिनिटांत पंक्चर काढून पुढे." या म्हणण्याला माझ्याकडे उत्तर नाही. पुण्याच्या रस्त्यावर त्यांचाच निर्णय योग्य आहे.

२०२० च्या नियमबदलानंतर हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचं किट असलेल्या गाडीला, साडेतीन टनांपर्यंत, स्टेपनी ठेवायची सक्ती नाही. म्हणून काही जण साधे टायर घालून फक्त द्रव भरायचं किट ठेवतात. ते किट खिळ्याच्या भोकापुरतं ठीक. भिंत फाटली तर त्याचा उपयोग शून्य. आमच्याकडच्या उसाच्या रस्त्यांवर मी त्याच्या भरवशावर जाणार नाही. दोन रन-फ्लॅट, दोन साधे असा मेळही घालू नये. वळणावर आणि ब्रेकला गाडी वेगळी वागते.

मी मग नकाशा घेऊन बसले. अक्कलकोट ४०, तुळजापूर ४५, मोहोळ त्याहून जवळ. माझे सगळे कॉल सोलापूरभोवतीच्या ८० किलोमीटरच्या आत येतात. रात्री एकटी असते आणि पलीकडे कोणीतरी टेबलवर असतं. मी परत रन-फ्लॅटच सांगितले.

घेताना दोन गोष्टी स्वतः बघितल्या. बाजूवरची खूण: ब्रिजस्टोनवर आरएफटी, गुडइयरवर आरओएफ, कॉन्टिनेंटलवर एसएसआर, मिशेलिनवर झेडपी. आणि चार आकड्यांची तारीख, पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. एका दुकानदाराने तीन वर्षं पडून राहिलेले टायर दाखवले, ते मी परत पाठवले.

हवा दर रविवारी सकाळी गाडी हलवायच्या आधी तपासते, ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४३ ला जातो तेव्हा दुपारी दाब जास्त दिसतोच. तापमान पाच-सहा अंश वाढलं की दाब साधारण एक पीएसआयने (हवा मोजायच्या मापाने एक आकडा) वाढतो. तो बघून हवा सोडू नका. पहाटे तीच कमी पडते, आणि कमी हवेवर रन-फ्लॅटसुद्धा आतून झिजत राहतो.

नवे टायर सोमवारी बसले. शनिवारी पुण्याला भाचीचं लग्न आहे. आम्ही सगळे धाकट्या दिरांच्या गाडीने जाणार आहोत.