सावली आमची उत्तरेला, त्यांची दक्षिणेला

परदेशातल्या शाळेशी करार झाला म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर पासपोर्ट, विमान आणि निवडून पाठवलेली मोजकी मुलं येतात. त्या निवडलेल्या मुलांत मी नव्हते. तरीही शाळेने मला जे दिलं, त्यात या उपक्रमाला मी फार वरचं स्थान देते. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत लिहायची संधी मिळाली आहे, तर न गेलेल्या मुलीच्या बाजूने थोडं लिहिते.

आमची पार्टनर शाळा विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती. सुरुवातीला ओळखीची पत्रं झाली, नाव, इयत्ता, आवडता खेळ अशी. तेवढ्यावरच राहिलं असतं तर वर्षभरात सगळं विरून गेलं असतं. उपक्रमात जीव आला तो भूगोलाच्या बाईंनी पृथ्वीचा परीघ मोजायला काढला तेव्हा. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात इरॅटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने इजिप्तमध्ये हे केलं होतं. सर्वांत मोठ्या दिवशी भर मध्यान्ही सायीनमध्ये, म्हणजे आजच्या आस्वानात, सूर्य थेट डोक्यावर येतो. अलेक्झांड्रियात मात्र त्याच वेळी सावली पडते, आणि तिचा कोन भरतो पूर्ण वर्तुळाचा पन्नासावा भाग, ७.२ अंश. दोन शहरांमधलं अंतर ५० ने गुणलं की परीघ मिळतो. पण त्यासाठी दोन ठिकाणं लागतात. एका शाळेने एकटीने करण्याजोगा हा प्रयोगच नाही, आणि बाईंनी तो निवडला त्याचं कारणही तेच असणार.

संपाताच्या, म्हणजे दिवस आणि रात्र सारखे असतात त्या दिवसाच्या, सुमारास आम्ही मैदानात एक मीटर उंचीची काठी ओळंबा लावून उभी केली. खरी मध्यान्ह घड्याळातल्या बाराच्या ठोक्याला होतेच असं नाही. त्यामुळे अकरापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करत राहायचं, आणि सगळ्यांत आखूड भरेल ती सावली धरायची. त्रिकोणमिती अजून शिकलो नव्हतो, म्हणून वहीत प्रमाणशीर त्रिकोण काढून कोनमापकाने कोन मोजला. आमची सावली उत्तरेला पडायची, त्यांची दक्षिणेला, म्हणून दोन्ही कोनांची बेरीज करायची. ती बेरीज आणि दोन शाळांमधलं उत्तर-दक्षिण अंतर हाती आलं की उरतं ते साधं त्रैराशिक.

पहिल्या दिवशी त्यांच्याकडे आभाळ भरून आलं. आमच्याकडे लख्ख ऊन होतं, पण त्याचा काही उपयोग नव्हता, कारण मोजमाप दोन्हीकडे एकाच दिवसाचं हवं. तोवर त्या देशातल्या पावसापाण्याशी आमचं काय देणंघेणं होतं? त्या आठवड्यात मात्र अख्खा वर्ग रोज सकाळी तिथल्या आकाशाची चौकशी करत होता. दूरच्या माणसांची काळजी वाटणं म्हणजे काय, ते मला उपदेशातून कधी इतकं कळलं नव्हतं.

उत्तर ४०,००० किलोमीटरच्या जवळपास आलं आणि वर्गात जो कल्ला झाला तो अजून कानात आहे. त्याहून मोलाचं होतं ते त्यानंतरचं. त्यांनी आमच्या आकड्यांवर प्रश्न पाठवले. काठी खरंच ओळंब्यात होती का, जमीन सपाट होती का, सावलीच्या पुसट कडेचं टोक नक्की कुठे धरलं? आम्हीही त्यांना तेच विचारलं. आपल्या वर्गात 'बाईंनी पाहिलंय' म्हटलं की भागतं. आपल्याला कधी न पाहिलेल्या माणसाला पटवायचं तर प्रत्येक पायरी लिहून दाखवावी लागते. ती सवय मला तिथे लागली आणि आज नोकरीत मी रोज तिच्याच जोरावर काम करते.

पुढच्या वर्षी त्यांची मुलं आली आणि एक मुलगी आमच्या घरी राहिली. सुरुवातीला ती गप्पगप्प असायची. मी तिला सारखी काहीबाही दाखवायला जायचे. आई म्हणाली, "तिला जरा एकटीला बसू दे. घर आठवत असेल तिला." एका संध्याकाळी तिने आपणहून बॅगेतून प्रयोगाची वही काढली. तिच्या आकड्यांशेजारी मी माझे आकडे ठेवले आणि मग आमचं बोलणं थांबेचना. आधी काम झालेलं असलं की भेटीत बोलायला काहीतरी असतं. नुसती सहल काढणाऱ्या शाळांना हे सांगावंसं वाटतं. फोटो भरपूर निघतात, पण मुलं आपापल्याच घोळक्यात फिरून परत येतात.

तिच्याकडून कळलं की त्यांच्या वर्गातल्या जगाच्या नकाशात पॅसिफिक महासागर मध्यभागी असतो आणि आपण डाव्या बाजूला. माझं इतिहासाचं पुस्तक तिला समजावून सांगताना ज्या महायुद्धावर तिच्याकडे पानंच्या पानं होती, ते आमच्याकडे काही ओळींत आटोपलेलं दिसलं. पुस्तक कुणीतरी काही निवडून, काही गाळून लिहितं, ही जाणीव मला तेव्हा झाली.

फ्रान्स आणि जर्मनी यांची गोष्ट मला नंतर कळली. पिढ्यान्पिढ्या एकमेकांशी लढलेल्या या देशांनी १९६३ च्या करारानंतर त्याच वर्षी तरुणांच्या देवाणघेवाणीसाठी एक संयुक्त कार्यालय काढलं. तेव्हापासून ९० लाखांहून अधिक तरुण त्या उपक्रमांत सामील झाले आहेत. कराराला ४० वर्षं झाली तेव्हा, २००३ मध्ये, दोन्ही देशांतल्या तरुणांच्या संसदेने दोघांसाठी इतिहासाचं एकच पाठ्यपुस्तक मागितलं. त्याचा पहिला खंड २००६ मध्ये निघाला. मुलांच्या मागणीवरून झालेलं हे काम वाचून मला माझ्या घरी उघडी पडलेली ती दोन पुस्तकं आठवली.

मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये मांडलं होतं की दोन गट नुसते समोरासमोर आल्याने त्यांच्यातले पूर्वग्रह कमी होत नाहीत. दोघांचा दर्जा समान हवा, ध्येय एक हवं, ते सहकार्याने गाठायचं हवं आणि वरून पाठिंबा हवा. आमच्या बाईंनी हे वाचलं होतं की नाही, मला माहीत नाही, पण त्यांच्या प्रयोगात हे सगळं होतं. एक शाळा देणारी आणि दुसरी घेणारी, असं नातं जिथे असतं तिथे मुलं कृतज्ञता शिकतात किंवा दया शिकतात. मैत्री होत नाही. म्हणून जुन्या वस्तू गोळा करून पाठवण्याने भागीदारीची सुरुवात करू नये, असं माझं ठाम मत आहे.

आता साधनं कितीतरी वाढली आहेत. युनेस्कोचं शाळांचं जाळं १९५३ पासून आहे. युरोपातल्या शाळा २००५ पासून ई-ट्विनिंग या ऑनलाइन व्यासपीठावर एकत्र प्रकल्प करतात. व्हिडिओ कॉलवर दोन वर्ग समोरासमोर बसू शकतात. वेळापत्रकं आणि घड्याळं जुळवणं तेवढं अवघड असतं, आणि ते करणाऱ्या शिक्षकाच्या अंगावर बाकीचा तासांचा भार तसाच ठेवला तर उपक्रम त्याच्या बदलीबरोबर संपतो. दोन शिक्षक नेमा, त्यांचे काही तास कमी करा. परत आलेल्या मुलांना फक्त स्नेहसंमेलनात भाषण करायला लावू नका. खालच्या इयत्तेचा एकेक गट त्यांच्या हाती द्या.

आणि जाणाऱ्यांची निवड घरच्या ऐपतीवर होऊ नये. वर्षभर ज्यांनी प्रकल्पावर काम केलं, त्यांच्यातूनच नावं निघावीत, आणि ज्यांना खर्च झेपत नाही त्यांचा भार माजी विद्यार्थ्यांनी उचलावा. महोत्सवी निधीतला एक भाग यासाठी वेगळा ठेवावा, अशी विनंती मी माजी विद्यार्थी संघाला लेखी दिली आहे आणि माझी वर्गणी त्याच पत्रासोबत जोडली आहे.