बिल्ज पंपाची निवड: छापील क्षमता आणि प्रत्यक्ष उपसा

पावसाळ्यासाठी बोट किनाऱ्यावर ओढून घेतल्यापासून तळातील (म्हणजे बिल्जमधील) पाणी उपसण्याची सारी व्यवस्था नव्याने बसवण्याचे काम हाती घेतले असून, पंपांची निवड आता पूर्ण झाली आहे. बोट फायबरची, 24 फुटी, आतल्या डिझेल इंजिनाची आहे आणि आठवड्यातील बहुतेक दिवस खाडीत नांगरावर एकटीच असते. त्यामुळे जवळ कोणी नसताना काय होईल, हाच निवडीचा निकष ठेवला.

हिशेब छिद्रापासून मांडला. पाण्याच्या पातळीखाली 30 सेंटीमीटरवर 25 मिलिमीटर व्यासाचे भोक उघडे पडले, तर मिनिटाला सुमारे 43 लिटर पाणी आत येते. व्यास दुप्पट झाला की आवक चौपट होते.

जुन्या पंपावर ताशी 1,100 गॅलन, म्हणजे मिनिटाला सुमारे 69 लिटर, असे छापलेले आहे. मात्र हा आकडा पाणी अजिबात वर न चढवता आणि बहुधा 13.6 व्होल्टवर मोजलेला असतो. 1.2 मीटर चढ आणि आधीपासून बसवलेली वळ्यावळ्यांची नळी अशा स्थितीत 20 लिटरची बादली भरायला 30 सेकंद लागले. मिनिटाला 40 लिटर उपसणारा हा पंप त्या 25 मिलिमीटरच्या भोकापुढेही हरला असता. पंप तोच ठेवून आतून गुळगुळीत नळी आणि कथिलाचा मुलामा असलेली जाड तांब्याची तार घातली, तेव्हा बादली 23 सेकंदांत भरली. पंप बदलण्याआधी नळी आणि तार तपासावी, असे माझे ठाम मत यामुळे झाले.

तरीही नव्या रचनेत दोन पंप घेतले आहेत. अगदी तळाशी, फ्लोट स्विचवर (पाणी चढले की तरंगत वर उचलला जाऊन पंप सुरू करणारा स्विच) चालणारा ताशी 500 गॅलनचा पंप झिरपणारे पाणी काढील, आणि त्याच्या थोडा वर 2,000 गॅलनचा पंप स्वतंत्र फ्लोट, भोंगा व स्वतंत्र निकासासह राहील. मोठा पंप सर्वांत खाली न बसवण्याचे कारण असे, की त्याच्या 38 मिलिमीटरच्या तीन मीटर नळीत जवळजवळ साडेतीन लिटर पाणी मावते. पंप थांबताच ते परत येते आणि अरुंद तळात फ्लोट पुन्हा उचलून धरते, त्यामुळे पंप सतत चालू-बंद होत बॅटरी संपवतो. एकेरी झडप हा त्यावरचा सोपा इलाज वाटतो, पण ती प्रवाह अडवते आणि कचऱ्याने अडकते, म्हणून ती वापरलेली नाही. निकासाच्या नळ्या मात्र पाण्याच्या पातळीच्या बऱ्याच वर वळसा देऊन नेल्या आहेत, म्हणजे बोट कलल्यावर बाहेरचे पाणी उलटे आत खेचले जाणार नाही.

दोन्ही फ्लोटना फ्यूजमार्गे थेट बॅटरीवरून वीज दिली आहे, कारण घरी जाताना मुख्य स्विच बंद केला जातो. मोठा पंप सुमारे 8 अँपिअर घेतो; 100 अँपिअर-तासांच्या बॅटरीचा निम्मा साठा वापरायचा ठरवला तर तो सहा तास चालेल, त्यापुढे नाही.

म्हणून उरलेला वेळ आणि पैसा सीकॉकसाठी, म्हणजे बोटीच्या तळातून आरपार जाणाऱ्या छिद्रांवरील झडपांसाठी, राखला आहे. कूलिंगच्या पाण्याचा सीकॉक खरवडल्यावर धातू गुलाबी दिसला, म्हणजे पितळेतील जस्त निघून गेलेले आहे. तो ब्राँझचा बसवायचा आहे. प्रत्येक नळीला दोन स्टेनलेस क्लिपा, आणि प्रत्येक सीकॉकजवळ त्या मापाची निमुळती लाकडी खुंटी दोरीने बांधून ठेवणे, ही कामे बोट पाण्यात उतरवण्यापूर्वी उरकायची आहेत. भोंग्याला मोबाईलवर संदेश पाठवणारे यंत्र जोडण्याचेही त्याच सुमारास ठरवले आहे.