जावयाला मासे चालत नाहीत

सासुरवाडीला, म्हणजे मालवणात, पहिली अकरा वर्षं माझी ओळख एकाच वाक्यात करून दिली जायची : जावयाला मासे चालत नाहीत. हे सांगताना सासूबाईंचा आवाज खाली यायचा. जावयाची नोकरी गेली, जावई पितो, असलं काही सांगताना येतो तसा. शेजारीण च्च् करायची, माझ्याकडे कनवाळू नजरेनं बघायची आणि मग माझ्यासाठी कोंबडी-वड्यांची तयारी सुरू व्हायची. अकरा वर्षांत त्या घरात माझ्यापायी किती कोंबड्या गेल्या याचा हिशेब चित्रगुप्ताकडे असेल.

मी करमाळा तालुक्यातला. आमच्याकडे मटण म्हणजे जेवण, बाकी सगळं तोंडीलावणं. मासे आम्हाला दोनच माहीत. एक, आठवडी बाजारात पोत्यावर मांडलेलं सुकट आणि सुके बोंबील. त्या रांगेवरून जाताना आई पदर नाकाला लावायची आणि माझं मनगट घट्ट धरायची. दुसरा, उजनीचा चिलापी. धरणाच्या पाण्यात वाढलेल्या त्या माशाला चिखलाचा वास यायचा. हा वास जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा, हे मला फार उशिरा कळलं. गंमत म्हणजे पहिल्या पावसात मातीला जो वास येतो त्यातही हेच द्रव्य असतं. मातीत आलं की आपण हळवे होतो, रश्शात आलं की ताट सरकवतो. नवव्या वर्षी त्याच चिलापीचा काटा घशात अडकला. आजीनं ज्वारीच्या भाकरीचे कोरडे गोळे एकामागून एक गिळायला लावले. (हा उपाय डॉक्टर करू नका म्हणतात. आजीला सांगणार कोण?) काटा गेला, पण पुढची पंचवीस-तीस वर्षं मासा म्हटलं की हात आपोआप गळ्याशी जायचा.

त्यामुळे लग्नानंतर मी सरळ नाही म्हणून मोकळा झालो. नाही म्हणण्यातही एक ऐट असते. सगळे सुरमईच्या तुकडीवर तुटून पडलेले असताना आपण कोंबडीची तंगडी चावत अलिप्त बसायचं. फक्त एक गोष्ट खटकायची : त्या पंगतीत कुणी बोलत नसे. आमच्याकडे मटणाच्या पंगतीत केवढा गलका! इथं सगळे माना खाली घालून, बोटांच्या टोकांनी काहीतरी बारीक काम करत असल्यासारखे. घड्याळजी बसतात तसे.

घोटाळा झाला तो एका दिवाळीच्या सुट्टीत, मालवणातल्याच दांडीच्या किनाऱ्यावर. सकाळी फिरायला गेलो तर रापण लागली होती. होडीनं अर्धगोलात जाळं टाकून दोन्ही दोर किनाऱ्यावर आणायचे आणि दोन्हीकडून माणसांनी ओढायचं, ही रापण. बघ्यांनाही हाक येते. मीही दोराला हात लावला, तासभर ओढलं, तळहात सोलून निघाले. शेवटी जाळ्याचं पोट वाळूवर आलं तेव्हा आत नुसती चांदी तडफडत होती. ओढणाऱ्यांचा वाटा म्हणून माझ्या ओंजळीत चार बांगडे पडले. निळी-हिरवी पाठ, तिच्यावर लांबच लांब गडद रेघा, पोट आरशासारखं. मी सवयीनं श्वास रोखला. पण माणूस किती वेळ श्वास रोखणार? घेतला शेवटी. आणि वास नव्हता! म्हणजे होता, पण ओल्या वाळूचा, खाऱ्या वाऱ्याचा. ज्या वासाला मी आयुष्यभर माशाचा वास म्हणत आलो, तो त्या ओंजळीत कुठंच नव्हता.

घरी आल्यावर मेहुण्यानं उलगडा केला. तो शाळेत रसायनशास्त्र शिकवतो. खाऱ्या पाण्यात टिकाव धरण्यासाठी समुद्रातले मासे अंगात एक संयुग बाळगून असतात. मासा मेला की जिवाणू त्याचं ट्रायमिथाइलअमाइन करतात, आणि नाकात जातं ते हे. जितका वेळ जास्त, तितका वास जास्त. आंबट लावलं की ते बांधलं जातं, उडत नाही. हे व्याख्यान चालू असताना सासूबाई तिकडं बांगड्यांना सोलांचं आगळ, म्हणजे कोकमाचा आंबट रस, चोळत होत्या. त्यांनी ट्रायमिथाइलअमाइनचं नाव ऐकलेलं नव्हतं, बंदोबस्त मात्र रोज करत होत्या.

त्या दिवशी कोंबडी आणलीच नव्हती. स्वतः ओढून आणलेलं नाही कसं म्हणणार? ताटात तळलेला बांगडा आला आणि मी त्याच्याकडे, बॉम्ब निकामी करायला आलेला माणूस बघतो तसा, डोळे बारीक करून बघत बसलो. सासूबाई शेजारी येऊन बसल्या. म्हणाल्या, "डोळ्यान नको, बोटान बघा."

मग त्यांनी दाखवलं. अंगाच्या मधोमध डोक्यापासून शेपटीपर्यंत अंगठ्यानं हलकं दाबत जायचं. तिथं एक रेघ असते, ती उमलते. वरचा भाग पाठीकडे सारायचा, खालचा पोटाकडे. मध्ये कणा उघडा पडतो. शेपटीशी चिमटीत धरून उचलला की अख्खा कणा कंगव्यासारखा वर येतो. पाठीच्या कडेला बारीक काट्यांची एक ओळ राहते, पोटाशी दुसरी. त्या बोटांना लागतात, डोळ्यांना दिसत नाहीत. घास तोंडात जाण्याआधी तो बोटांनी वाचून झालेला असतो. तेव्हा कळलं, ही मंडळी जेवताना गप्प का असतात.

चवीचं म्हणाल तर पहिल्या दिवशी चव कळलीच नाही, सगळं लक्ष काट्यांत. चव आली तिसऱ्या-चौथ्या खेपेला, बांगड्याच्या तिखल्यात, तिरफळानं जिभेचं टोक झिणझिणलं तेव्हा. त्यानंतर सासूबाईंनी माझा अभ्यासक्रमच आखला. बिनकाट्याची कोळंबी, एका कण्याची सुरमई, मग पेडवे आणि शेवटी करली. करलीचे काटे केसासारखे, आणि कुठून कुठं जातील याचा नेम नाही. ती मला अजून नीट जमत नाही. जिभेनं काटा बाजूला काढणं हे बालपणीच शिकायचं काम आहे. 2023 साली सरकारनं पापलेटला राज्यमासा केलं. सासूबाईंना हे पटलेलं नाही. त्यांच्या मते पापलेट हा पाहुण्यांचा मासा, त्याला खायला काही यावं लागत नाही.

आता शेजारणीनं विचारलं तर त्या सांगतात, "चलतत? आमका कायच ठेवणत नाय." आवाज खाली येत नाही.

पावसाळ्यात दोनेक महिने यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. त्या दिवसांची सोय म्हणून यंदा त्यांनी मे महिन्यातच एक डबा बांधून दिला, तिहेरी पिशवीत. आत सुके बोंबील. पुण्याला येताना एसटीत डबा पायाशी ठेवला होता. शेजारच्या बाईंनी पदर नाकाला लावला आणि मुलाचं मनगट घट्ट धरलं. डबा सध्या माळ्यावर आहे. अजून उघडलेला नाही. बाहेर पावसाची झड लागली आहे आणि बायको स्टूल शोधते आहे.