होमोसिस्टीन ४१ : माझा अनुभव

अख्ख्या रिपोर्टमध्ये एकच आकडा लाल होता. होमोसिस्टीन ४१, आणि शेजारी सामान्य पातळी ५ ते १५ मायक्रोमोल प्रति लिटर. साखर ठीक, कोलेस्टेरॉल ठीक, आणि जो शब्द जन्मात ऐकला नव्हता तोच नेमका बिघडलेला. बाबांना बावन्नाव्या वर्षी हार्ट अटॅक आला होता आणि मी एकावन्नची. त्या रात्री मोबाइल हातातून सुटला नाही. हृदयविकार, पक्षाघात, पायातल्या शिरेत गुठळी, स्मृतिभ्रंश, ठिसूळ हाडं... दोन वाजेपर्यंत यातलं सगळं मला होऊन गेलं होतं.

सकाळी शहाणपणा केला. फॉलिक अ‍ॅसिडने होमोसिस्टीन उतरतं असं वाचलं होतं, म्हणून दुकानातून गोळ्या आणून सुरूही केल्या.

दहा दिवसांनी डॉक्टरांना हे मोठ्या कौतुकाने सांगितलं, तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं.

"बी १२ तपासलंय का?"

नव्हतं.

"पायाला मुंग्या येतात?"

येत होत्या. चांगल्या सहा महिन्यांपासून. मी चपलांना दोष देऊन दोन जोड बदलले होते.

मग त्यांनी रिपोर्टच्या पाठीमागे एक चित्र काढलं. प्रथिनांतून मेथिओनीन नावाचं अमिनो आम्ल मिळतं. शरीर ते वापरतं तेव्हा मधल्या टप्प्यावर होमोसिस्टीन तयार होतं. ते साठवून ठेवायची चीज नाही, पुढे जायलाच हवं. त्याला मुख्य वाटा दोन. एक म्हणजे परत मेथिओनीन होणं, तिथे फोलेट (गोळीतलं फॉलिक अ‍ॅसिड म्हणजे त्याचंच रूप) आणि बी १२ दोन्ही लागतात. दुसरी सिस्टीन या वेगळ्या अमिनो आम्लाकडे जाते, तिथे बी ६ लागतं. वाट अडली की होमोसिस्टीन रक्तात तुंबतं. आता बी १२ कमी असताना नुसतं फॉलिक अ‍ॅसिड घेतलं, तर रक्तपेशी सुधारल्यासारख्या दिसतात, अ‍ॅनिमिया झाकला जातो, आणि मज्जातंतूंचं नुकसान मात्र चालूच राहतं. म्हणजे माझा दहा दिवसांचा उपाय रोग लपवण्याच्या कामी येत होता. गोळ्या त्याच दिवशी बंद.

"आणि हे ४१ तरी खरं कशावरून?" त्यांनी विचारलं. रक्त काढल्यावरही त्यातल्या पेशी होमोसिस्टीन बाहेर सोडत राहतात. नमुना साध्या तापमानाला तसाच पडून राहिला तर आकडा तासाला साधारण दहा टक्क्यांनी फुगू शकतो. म्हणून नळी लगेच बर्फात ठेवायची आणि तासाभरात पेशी वेगळ्या करायच्या. माझं रक्त घरी येऊन नेलं होतं, आणि नेणाऱ्याला पुढे आणखी तीन घरं करायची होती. बर्फ काही मला दिसला नव्हता. यावेळी उपाशीपोटी प्रयोगशाळेतच जाऊन बसले आणि बर्फाची पेटी डोळ्यांनी पाहिली. सोबतच्या बाईंना मी विक्षिप्त वाटले असणार.

दुसऱ्यांदा आकडा आला ३३. उतार नमुन्याच्या काळजीमुळे किती आणि माझ्या गोळ्यांमुळे किती, याचा हिशोब लागणं शक्य नव्हतं. पण बी १२ होतं ११२ पिकोग्रॅम, आणि खालची मर्यादा २०० च्या आसपास. मूत्रपिंडं मंदावली किंवा थायरॉइड कमी पडला तरी होमोसिस्टीन चढतं, म्हणून क्रिएटिनिन आणि टीएसएच पाहिलं. दोन्ही ठीक. अ‍ॅनिमिया नव्हता, आणि त्यामुळेच इतके दिवस कुणाला शंका आली नव्हती.

काही औषधांनीही हे बिघडतं, म्हणून मग औषधांची यादी मागितली. मेथोट्रेक्सेट? नाही. मेटफॉर्मिन? नाही. आम्लपित्ताची गोळी? हो, सात वर्षं, रोज सकाळी. ती मी औषधात धरतच नव्हते. अन्नातलं बी १२ सुटं व्हायला पोटातलं आम्ल लागतं, आणि मी तेच सात वर्षं दाबून ठेवलं होतं. त्यात प्राणिज पदार्थ मी जवळपास खातच नाही.

बी १२ ची इंजेक्शनं सुरू झाली. हायड्रॉक्सोकोबालामिन १००० मायक्रोग्रॅम, आधी एक दिवसाआड, मग अंतर वाढवत. दुखतं थोडं. पहिल्या दोन आठवड्यांत मुंग्या उलट वाढल्यासारख्या वाटल्या आणि मी पुन्हा मोबाइलकडे वळणार होते, पण आवरलं. तीन महिन्यांनी होमोसिस्टीन ११.

"म्हणजे अटॅकचा धोका गेला?" मी विचारलं.

"नाही. तुमचे पाय वाचले."

हे मला पचायला वेळ लागला. १९६९ मध्ये किल्मर मॅककली या अमेरिकी पॅथॉलॉजिस्टने जन्मजात दोषामुळे होमोसिस्टीन अफाट वाढलेल्या मुलांच्या रक्तवाहिन्या तपासल्या. कोवळ्या वयात त्या म्हाताऱ्या माणसासारख्या झाल्या होत्या. तिथून, थोडी वाढही हृदयाला घातक असेल, ही कल्पना निघाली, आणि निरीक्षणांत दोन्ही गोष्टी एकत्र दिसतही होत्या. पण नॉर्वेतल्या नॉर्विट चाचणीत, अटॅक येऊन गेलेल्या ३,७४९ जणांमध्ये, फॉलिक अ‍ॅसिड आणि बी १२ ने होमोसिस्टीन २७ टक्के उतरलं, तरी पुढचे अटॅक कमी झाले नाहीत. हा निकाल २००६ चा. पक्षाघाताची गोष्ट थोडी निराळी: २०१५ साली चीनमधल्या उच्च रक्तदाबाच्या २०,७०२ रुग्णांच्या चाचणीत रक्तदाबाच्या गोळीसोबत फॉलिक अ‍ॅसिड दिल्यावर पहिला पक्षाघात २१ टक्क्यांनी कमी झाला. तिथे अन्नात फॉलिक अ‍ॅसिड मिसळत नव्हते, हेही लक्षात घ्यायला हवं.

म्हणून बाबांच्या इतिहासासाठी माझं रक्तदाब मोजणं आणि चालणं वेगळं सुरू आहे. त्याचा ११ शी संबंध नाही.

सगळ्यात अवघड गेलं ते आम्लपित्ताची गोळी सोडणं. एकदम थांबवल्यावर आम्ल दुप्पट जोराने उसळलं, तेव्हा डॉक्टरांच्या सल्ल्याने आधी डोस निम्मा केला, मग एक दिवसाआड. आता आठवड्यातून एखादी लागते. मुंग्या गेल्या, फक्त डाव्या पायाचा अंगठा अजून बधीर आहे. तो परत येईल की नाही, याची खात्री डॉक्टरही देत नाहीत.